पेटीची खानावळ

निपाणीत जुन्या पुणे-बेंगळुरू रोडला बाबगोंडांनी खानावळ घातली, तेव्हा त्यांची बायको राजश्री चार दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. खानावळीला तिचा विरोध नव्हता. बत्तीस वर्षं तंबाखूची वखार चालवलेला माणूस वखार विकून घरी बसला की आतून सुकत जातो, हे तिलाही दिसत होतं. तिला राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. या खानावळीत दराची पाटी लागणार नव्हती. जेवून उठल्यावर ज्याला जे जमेल ते त्यानं दाराजवळच्या लाकडी पेटीत टाकायचं. कुणी मागणार नाही, कुणी बघणार नाही. पेटीच्या तोंडावर बाबगोंडांनी जुन्या लुगड्याचा तुकडा पडद्यासारखा सोडला होता. हात आत गेला की दिसेनासा व्हायचा.

"लोकं जेवत्यात, तोंड पुसत्यात आणि जात्यात," राजश्री म्हणाली.

"जाईनात का. जेवून तर जात्यात न्हवं?"

तिनं पदर खोचला आणि भाकरीचं पीठ चाळायला घेतलं. बाळाबाई म्हणून गल्लीतलीच एक बाई भाकऱ्या थापायला ठेवली. भाजी, आमटी, भात राजश्रीकडे. सकाळी अकराला दार उघडायचं आणि चारला ओढून घ्यायचं. बाबगोंडा दारात खुर्ची टाकून बसायचे, पण पेटीकडे पाठ करून. येणाऱ्याचा चेहरा बघून ते मराठीत "या, बसा" म्हणायचे, नाहीतर कन्नडमध्ये "बर्री, कूड्री". लोकांनी ठिकाणाला नाव आपसूकच पाडलं, पेटीची खानावळ.

पहिले दोन महिने राजश्रीच्या म्हणण्यासारखंच झालं. पण हळूहळू रंग बदलला. हायवेवरून पुण्याकडे, बेंगळुरूकडे जाणाऱ्या गाड्या जेवायच्या वेळेला निपाणीत खाली उतरायच्या. कुटुंबं असायची, ट्रकवाले असायचे, औषध कंपन्यांची फिरती माणसं असायची. गरम भाकरी, घेवड्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. मग बिल किती म्हणून विचारायचे. बाबगोंडा पाठीमागे अंगठा करून पेटी दाखवायचे. माणूस क्षणभर गोंधळायचा, हसायचा आणि द्यायचं ठरवलं होतं त्याच्यापेक्षा जास्तच टाकून जायचा. त्या जास्तीवर इतरांचं भागायचं. मार्केटातले हमाल, सरकारी दवाखान्यात आलेली खेड्यातली माणसं, विड्या वळणाऱ्या बायका, सगळे एकाच बाकावर बसून तेच ताट जेवायचे आणि जाताना पडद्याआड हात घालायचे. नफा म्हणावा असं काही उरत नव्हतं, पण भाडं, किराणा, गॅस आणि बाळाबाईचा पगार निघत होता. असं साल गेलं, दुसरं गेलं.

राजश्रीचा राग कधी गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. लग्न झाल्यापासून ती स्वयंपाक करत आली होती, आणि घरच्यांनी तो पेपर वाचत, टीव्ही बघत खाल्ला होता. इथं अनोळखी माणसं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हात जोडायची. हुबळीची एक म्हातारी तर तिच्या हाताचा मुका घेऊन गेली होती.

रुक्माबाई मात्र कधी चांगलं म्हणाल्या नाहीत.

सत्तरीला टेकलेली, काटकुळी बाई. बाबगोंडांच्याच वखारीत त्यांनी बावीस वर्षं तंबाखू चाळला होता. पुढं खोकल्यानं छाती धरली आणि काम सुटलं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. मागच्या गल्लीत एक खोली होती, तिथं मांडीवर सूप घेऊन जमतील तेवढ्या विड्या वळायच्या. रोज सव्वाबाराला यायच्या. हात धुवायच्या, खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवायच्या आणि घास गिळला की आत आवाज द्यायच्या.

"वैनी, आज डाळ शिजली न्हाय."

दुसऱ्या दिवशी भाकरी कडेला जाड असायची, तिसऱ्या दिवशी ताक पाणचट. आणि दोषच सापडला नाही तर लसूण होताच. राजश्रीच्या जैन घरात कांदा-लसूण नव्हता, तो खानावळीतही आला नव्हता. हे रुक्माबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी आठवड्यातून दोनदा त्या म्हणायच्याच, "लसणाच्या दोन पाकळ्या पडल्या असत्या तर आमटीला जीव आला असता."

सुरुवातीला राजश्रीला ते झोंबलं. फुकट जेवायचं आणि वर नावं ठेवायची, असं ती एकदा बाबगोंडांपाशी बोलून गेली. ते तिच्यावर क्वचितच चिडायचे. त्या दिवशी चिडले.

"फुकट कशावरनं? तू पेटीत बघितलंस?"

नंतर मात्र तिला त्या बोलण्याची सवय लागली, आणि सवयीची ओढ. नवी भाजी केली की तिचे कान सव्वाबाराकडे लागायचे. दुसऱ्या कुणी कितीही वाखाणली तरी रुक्माबाईंचा शेरा आल्याशिवाय तिला ती भाजी झाली असं वाटत नसे. डाळ कच्ची म्हटली की ती दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी चुलीला लागायची. एकदा रुक्माबाईंनी दोडक्याची भाजी काही न बोलता दुसऱ्यांदा मागून घेतली, तर राजश्री दिवसभर गुणगुणत होती.

जेवण झालं की रुक्माबाई पदराच्या गाठीशी काहीतरी करायच्या, मूठ वळायच्या आणि ती पडद्याआड घालून निघून जायच्या. जाताना बाबगोंडांकडे बघून मान हलवायच्या, गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघून हलवतं तशी.

मग हायवेचं काम निघालं. रस्ता रुंद झाला, वर पूल आला, आणि गाड्या खाली उतरायचा फाटा बंद झाला. स्वयंपाकघरात उभं राहिलं की वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा, पण एकही गाडी खाली येत नव्हती. आठ-नऊ महिन्यांत ती सगळी फिरती माणसं संपली. राहिले ते गावातले, ज्यांच्याजवळ द्यायला थोडंच होतं. त्यांनी आपलं देणं कमी केलं नव्हतं, ते पहिल्यासारखंच थोडं होतं. फक्त त्या थोड्याला सावरून धरणारं कुणी उरलं नव्हतं. त्यात बोटांत अंगठ्या घालून चौघांना घेऊन जेवायला येणारे आणि पडद्याकडे न बघता जाणारेही होते. तसे पूर्वीही असायचे, पण पूर्वी ते राजश्रीच्या डोळ्यांत येत नव्हते. आता ती आतल्या दाराच्या फटीतून लोकांचे हात बघायला लागली. आपण बघतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिची तिलाच लाज वाटली, तरी नजर हटेना.

बाबगोंडांनी गाडी विकली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणाले. दोन वर्षांपूर्वी बेळगावात त्यांच्या हृदयात स्टेंट घातली होती, त्यामुळं ते खरंही वाटलं. पण एका सकाळी शर्टाचं बटण शोधताना राजश्रीच्या हाती त्यांच्या गोळ्यांची पाकिटं लागली. गेल्या आठवड्यातच संपायला हव्या होत्या त्या गोळ्या जवळजवळ निम्म्या शिल्लक होत्या. तिनं पाकिटं नेऊन त्यांच्यापुढं ठेवली.

"एका आड एक घेतोय," ते म्हणाले. "काय व्हत न्हाय. महाग लई झाल्यात."

ती ओरडली नाही. तिथंच खुर्चीवर बसली आणि बराच वेळ त्या पाकिटांकडे बघत राहिली. मग तिनं अतुलला फोन लावला.

अतुल त्यांचा एकुलता एक मुलगा. बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. रविवारी आला आणि आवाज न चढवता बोलला. दराची पाटी लावायची, फार नाही, सत्तर रुपये ताट. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कूपन ठेवायचं, काउंटरवर मागितलं की मिळेल, पैसे नाहीत. म्हणजे कुणी उपाशी जाणार नाही आणि ज्यांना जमतं ते नीट देतील. गोळ्यांचे पैसे तो देईलच, पण असं किती दिवस ढकलत राहायचं? त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. बाबगोंडांनी ऐकून घेतलं आणि राजश्रीकडे बघितलं.

"तुझं काय म्हणणं?"

"पाटी लावू या," ती म्हणाली. "मला तुमी पायजे."

"लाव मग," बाबगोंडा म्हणाले. उठले, पेटी भिंतीवरून काढली आणि आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागं नेऊन ठेवली.

पाटी मंगळवारी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं, मराठीत आणि कन्नडमध्ये. कूपनं पिवळ्या कागदाची होती, अतुलनं बेळगावहून छापून आणलेली. सव्वाबाराला रुक्माबाई आल्या आणि पाटीसमोर थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. बाळाबाईंना विचारलं, बाळाबाईंनी सांगितलं. राजश्री लगबगीनं बाहेर आली. रुक्माबाईंना कूपन मागायची वेळच येऊ नये असं तिच्या मनात होतं. तिनं पिवळा कागद त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली आणि हळूच म्हणाली की ती पाटी इतरांसाठी आहे, तुमचं आपलं नेहमीसारखंच.

रुक्माबाईंनी त्या मुठीकडे बघितलं. खिडकीजवळचा बाक मोकळा होता, तरी त्या हात धुवायच्या जागेजवळच्या कोपऱ्यात बसल्या. मान खाली घालून जेवल्या. भाकरी संपवली, आमटीची वाटी पुसून संपवली. मग स्वतःचं ताट उचलून नळाखाली धरलं. राजश्री नको नको म्हणत राहिली, पण त्यांनी ताट घासलं, उपडं घातलं आणि निघून गेल्या. पाटी लावल्याच्या गडबडीत, आज रुक्माबाईंचा आवाज आत आला नाही हे राजश्रीच्या ध्यानातही आलं नाही.

एकच्या सुमाराला एका गिऱ्हाइकानं आमटीची वाटी परत पाठवली. मग दुसऱ्यानं. राजश्रीनं चमचाभर तोंडात घातली आणि थुंकली. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, एकदा तिच्या हातून, एकदा बाळाबाईंच्या. घशाखाली उतरणार नाही इतकी खारट. तिनं पातेलं खाली उतरवलं आणि तिला ती पुसून संपवलेली वाटी आठवली. हातातला चमचा तसाच राहिला. बाळाबाई विचारत होत्या की नवी आमटी टाकायची का. तिला ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुक्माबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दवाखान्याची माणसं पाटी वाचून शेजारच्या गाड्यावर वडापाव खाऊन जायला लागली. हमालांपैकी दोघं-तिघं सत्तर रुपये देऊन जेवले, पण रोज नाही. कूपन मागायला एक दारुडा तेवढा नेमानं यायचा. आठव्या दिवशी राजश्रीनं बाळाबाईंना घरून लसूण आणायला सांगितला. बाळाबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मागच्या अंगणात छोट्या स्टोव्हवर राजश्रीनं वेगळी आमटी केली. लसूण सोलताना त्याचा चिकट वास बोटांना लागला. आयुष्यात तिनं तो पहिल्यांदाच हातात धरला होता. किती परतायचा तेही बाळाबाईंनी उभं राहून सांगितलं. डबा भरून ती मागच्या गल्लीत गेली.

रुक्माबाई दारातच सूप घेऊन बसल्या होत्या. तिला बघून उठल्या, सतरंजी टाकली, नको म्हणताना चहा ठेवला. तब्येतीचं विचारलं, अतुलचं विचारलं. खोली झाडलेली, लख्ख. राजश्रीनं डबा पुढं सरकवला. रुक्माबाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला.

"लसूण घातलासा?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी झाकण परत लावलं, नीट दाबून. मग डबा राजश्रीच्या बाजूला सरकवून ठेवला.

"वैनी, लसूण मागत न्हवते मी. नावं ठेवत हुते."

राजश्रीला उमगलं नाही. रुक्माबाईंनी चहा गाळला, कप तिच्या हातात दिला आणि समोर बसल्या.

"वखारीत बावीस वर्सं काढली. आण्णा चांगलं मालक. पगार कदी चुकवला न्हाय. पर दुपारी आमी त्या धुरळ्यात बसून वाळकी भाकरी खायाचो, आन तुमच्या घरनं आण्णांचा डबा यायचा. गरम. कोण काय बोलणार? मालकाच्या म्होरं बोलून भागतंय व्हय? मग ही खानावळ निघाली. पयल्या दिवशी मी आले, बसले, आन आमटी खारट हाय म्हनलं. तुमी आतनं आलासा, वाटी उचलून नेलीसा, दुसरी आणून दिलीसा." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत राजश्री कप धरून बसली. "त्या रातीला मला झोप न्हाय आली बगा. इतकं ग्वाड वाटलं."

"मग आताबी म्हणा की," राजश्री म्हणाली. "माझं चुकलं तर कोण सांगणार मला?"

"आता कशी म्हणू? आता कूपन हाय."

"तुमी कूपन घेऊ नका. तशाच येऊन जेवा."

सुपातली एक विडी उचलून रुक्माबाईंनी तिचं टोक उगाचच परत दाबलं.

"पेटीत मी काय टाकत हुते, म्हाईत हाय तुमास्नी? कदी दोन रुपये. लई दिस तर कायबी न्हाय. रिकामी मूठ घालायची, रिकामी काढायची. पर तितनं निघताना मी पैसं दिऊन चाललेय असंच वाटायचं मला. खोटं असंल. पर वाटायचं. तुमी ती मूठ उघडून कागुद ठेवलासा, वैनी. चांगल्या मनानं ठेवलासा, ते कळतंय मला."

राजश्रीनं चहा संपवला, कारण तो टाकून उठणं बरं दिसलं नसतं. डबा परत घेऊन आली. बाळाबाईंनी ती आमटी खाल्ली आणि झकास झालीय म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिनं बाबगोंडांना सगळं सांगितलं. वखारीतल्या दुपारच्या भाकरीचं सांगताना ती अडखळली, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

"ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुझा डबा उघडला की वास सगळ्या वखारीत फिरायचा. बायका बोलायच्या थांबायच्या. मी केबिनचं दार लावून घ्यायचो. तेवढंच केलं बत्तीस वर्सं. दार लावून घेतलं." जरा वेळानं म्हणाले, "म्हणूनच घातली खानावळ. तुला कसं सांगू? डबा तू प्रेमानं पाठवत हुतीस."

पाटी त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवली. पोत्यांमागून पेटी काढून परत दाराजवळ टांगली, लुगड्याचा तुकडा धुऊन सोडला. अतुलला फोनवर कळवलं. गोळ्या मात्र तो स्वतः घेऊन पाठवेल एवढंच म्हणाला. राजश्री रुक्माबाईंना बोलवायला स्वतः गेली. पाटी काढलीय, पेटी लावलीय, उद्या यायचंच, म्हणून हात धरून सांगितलं. रुक्माबाई हो म्हणाल्या.

आणि आल्या. सव्वाबाराला आल्या, हात धुतले, खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. राजश्रीनं त्या दिवशी मुद्दाम आमटीत मीठ जरा कमी टाकलं होतं, आणि आता आतल्या दाराआड उभी राहिली. बाळाबाईंनीही भाकरी थापायची थांबवली. रुक्माबाईंनी तुकडा बुडवला, घास गिळला. मग मान वर करून आतल्या दाराकडे बघून त्या म्हणाल्या,

"लई ब्येस झालंय, वैनी. आमटी तर लईच."

राजश्रीनं भिंतीला हात टेकला. जेवण झालं. रुक्माबाईंनी पदराच्या गाठीशी काहीतरी केलं, मूठ वळली आणि पडद्याआड घातली. मूठ रिकामी आहे हे आता राजश्रीला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे रुक्माबाईंना. निघताना त्यांनी बाबगोंडांकडे बघून मान हलवली नाही, हात जोडले. बाबगोंडा खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या आणखी तीन दिवस आल्या. तिन्ही दिवस जेवण चांगलं होतं म्हणाल्या. मग यायच्या बंद झाल्या, आणि राजश्रीला त्यांना पुन्हा बोलवायचा धीर झाला नाही.

इतरही पूर्वीसारखे परतले नाहीत. पाटी एकदा लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. काहीजण पडद्याआड हात घालायचा सोडून सत्तर रुपये बाबगोंडांच्या हातावर ठेवायचे, आणि ज्यांच्याजवळ सत्तर नसायचे ते दारावरून पुढं जायचे. दवाखान्याचे लोक आत डोकावून आधी विचारायचे, पैसे किती? काही नाही, जमेल ते, असं सांगितलं की त्यांना वाटायचं यात काहीतरी गोम आहे. गॅसची टाकी दोन दिवस जास्त पुरायला लागली, मग चार दिवस. दिवाळीच्या आधी बाबगोंडांनी जागा सोडली. बाळाबाईंना एका मंगल कार्यालयात काम लागलं. मोठी पातेली कोल्हापूरच्या केटरिंगवाल्यानं नेली. त्या दिवशी अतुल आला होता. त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीनं म्हणाला की धंदा म्हणून असली खानावळ टिकत नाही, तीन वर्षं चालली हेच खूप झालं. बाबगोंडा म्हणाले, वरनं गाड्या उतरत होत्या तोवर चालली की. मग राजश्रीकडे बघून ते थांबले. ती ओटा धूत होती. पाटी लावू या असं म्हणणारा आवाज तिचा होता, हे त्या घरात कधी कुणी बोलून दाखवलं नाही. तिला वाटायचं, एकदा कुणीतरी बोलावं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती पुन्हा मागच्या गल्लीत गेली. या वेळी हातात काही नेलं नव्हतं. नुसतंच बसून यावं असं मनात होतं. खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की रुक्माबाईंना बहिणीची लेक घेऊन गेली, संकेश्वरच्या पलीकडं कुठल्याशा गावाला. खोकला वाढला होता, विड्या वळवेनात. गाव कुठलं ते काही तिला सांगता आलं नाही. फोन? फोन कुठला त्यांच्याजवळ. राजश्रीनं विचारलं, जाताना काही बोलल्या का. शेजारीण जरा आठवून म्हणाली, न्हाय, खोली झाडून गेल्या.

ती घरी आली तेव्हा बाबगोंडा बाहेरून फिरून नुकतेच आले होते, पायातली चप्पलही काढली नव्हती. तिनं उंबऱ्यातच त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, तिथं त्यांना विचारणारं कोण आहे. तिला माहीत नव्हतं. ते चप्पल पायात तशीच ठेवून बाकावर बसले, आणि ती त्यांच्या शेजारी. दुपारची भाजी झाकून ठेवलेली होती, भाकऱ्या टोपलीत होत्या, नुसतं वाढून घ्यायचं होतं. दोघंही उठले नाहीत. समोरच्या घराच्या पत्र्यावरचं ऊन वर सरकलं, फिकट झालं आणि गेलं. त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. राजश्री भानावर आली तेव्हा अंधार पडला होता. तिनं उठून दिवा लावला, बाबगोंडांच्या पायातली चप्पल काढली, पाण्याच्या तांब्यासोबत त्यांची गोळी आणून दिली. टोपलीवर फडकं घट्ट बांधलं आणि दोघं तशीच उपाशी झोपली.